जोखीम व संकट संज्ञापन

जोखीम व संकट संज्ञापन ही संज्ञापनशास्त्राची एक आंतरविद्याशाखीय उपशाखा आहे. संभाव्य धोक्याविषयी तज्ज्ञ, शासन आणि लोक यांच्यात आधीपासून होणाऱ्या माहितीच्या व मतांच्या देवाणघेवाणीला जोखीम संज्ञापन म्हणतात. प्रत्यक्ष संकट ओढवल्यानंतर इशारा देणे, काय घडले ते सांगणे, काय करावे याचे मार्गदर्शन करणे आणि जबाबदारी स्वीकारणे या व्यवहाराला संकट संज्ञापन म्हणतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, जनसंपर्क, भूगोल आणि आपत्ती व्यवस्थापन या विद्याशाखांतून या विषयाचे संशोधन झाले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत त्याला स्वतंत्र अभ्यासविषयाचे रूप आले. मात्र त्यातले मूळ प्रश्न प्लेगची साथ, धरणफुटी, भूकंप, महापूर, कीटकनाशकांची विषबाधा आणि दारूगोळा भांडारातील स्फोट अशा प्रसंगांतून महाराष्ट्रातही वारंवार पुढे आलेले आहेत.

संज्ञा व व्याप्ती

मराठीत ‘धोका’ व ‘जोखीम’ हे शब्द बोलताना एकमेकांऐवजी वापरले जातात. शास्त्रीय लेखनात मात्र त्यांत भेद करतात. हानी करू शकणारी वस्तू किंवा घटना म्हणजे धोका. त्या धोक्यापासून हानी होण्याची शक्यता आणि त्या हानीची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. नदीला येणारा पूर हा धोका होय. पूररेषेच्या आत घर असलेल्या कुटुंबाच्या वाट्याला येते ती जोखीम, आणि पाणी उंबऱ्यापर्यंत पोचते तेव्हा जी परिस्थिती निर्माण होते ते संकट.

‘कम्युनिकेशन’ या शब्दासाठी मराठीत संज्ञापन, संप्रेषण, संवाद आणि हिंदीच्या प्रभावाने संचार असे पर्याय रूढ आहेत. विद्यापीठीय व्यवहारात ‘संज्ञापन’ हा शब्द स्थिरावला असल्याने या लेखात तोच वापरला आहे. ‘संवाद’ या शब्दात दोन्ही बाजूंनी बोलणे अभिप्रेत असते. जोखमीविषयीचे बोलणे एकतर्फी असावे की दुतर्फी, हाच या विषयातील संशोधनाचा मध्यवर्ती वाद आहे.

पारंपरिक इशारापद्धती

छापील सूचना व आकाशवाणी येण्यापूर्वी महाराष्ट्रातील गावांत इशारा पोचवण्याचे प्रमुख साधन दवंडी हे होते. गावचा कोतवाल डफडे किंवा ढोल वाजवत चौकाचौकात थांबे आणि निरोप पुकारे. पुराचे पाणी, रोगाची साथ, लस टोचणी यांविषयीच्या सूचना याच मार्गाने दिल्या जात. ध्वनिवर्धक व भ्रमणध्वनी आल्यानंतरही अनेक गावांत दवंडी पूर्णपणे लोपलेली नाही.

आधुनिक संशोधनाने परिणामकारक इशाऱ्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांपैकी अनेक दवंडीत आढळतात. सांगणारा माणूस ओळखीचा असतो, भाषा गावाची असते, निरोप छोटा असतो, आणि ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे उलट प्रश्न विचारता येतो. तिच्या मर्यादाही उघड आहेत. रात्रीच्या वेळी, शेतात कामाला गेलेल्या माणसांपर्यंत आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांपर्यंत ती पोचेलच याची शाश्वती नसते.

महाराष्ट्रातील ऐतिहासिक प्रसंग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ असल्याचे निदान झाले आणि पुढे ती पुण्यात पसरली. १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली सैनिकांकरवी घराघरांची झडती, रुग्णांचे सक्तीने स्थलांतर आणि संशयितांचे विलगीकरण करण्यात आले. साथ रोखणे हा या उपायांचा हेतू होता. तथापि घरात शिरणारे सैनिक, देवघर व स्वयंपाकघराचा भंग आणि स्त्रियांच्या तपासणीविषयीचा संताप यांमुळे लोकांचा विश्वास पार उडाला. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वैद्यकीय उपाय योग्य असला, तरी तो ज्यांच्यावर करायचा त्यांना विश्वासात न घेतल्यास तो निष्फळ ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही गेले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली बुडाला. धरणाची स्थिती बिकट असल्याची कल्पना यंत्रणेला होती. धरण वाचवण्याचे प्रयत्नही चालू होते. परंतु नदीकाठच्या रहिवाशांना वेळीच स्पष्ट इशारा मिळाला नाही. घबराट पसरेल या भीतीने माहिती उशिरा देणे योग्य की अयोग्य, हा संकट संज्ञापनातील जुना प्रश्न या घटनेतून मराठी समाजापुढे उभा राहिला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. या भूकंपात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारीत १९९२ मध्ये लहान धक्के जाणवले होते. भूकंपाचे भाकीत त्या काळी शक्य नव्हते आणि आजही नाही. तरीही दगड-मातीच्या जड भिंतींची घरे भूकंपात का पडतात आणि ती कशी मजबूत करता येतात, ही माहिती देणे शक्य होते. पुनर्वसनाच्या काळात घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक करण्यात आली. अभियंत्यांचे म्हणणे गावापर्यंत आणि गावाचे म्हणणे अभियंत्यांपर्यंत पोचवणे हे त्यांचे काम होते.

संशोधनाचा विकास

तज्ज्ञांच्या आकड्यांपासून लोकांच्या धारणेकडे

चॉन्सी स्टार यांचा तंत्रज्ञानाचे लाभ व जोखीम यांवरील लेख १९६९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणूस स्वेच्छेने पत्करलेली जोखीम सहज सहन करतो आणि लादलेली जोखीम सहन करत नाही, असे त्यांनी मांडले. यानंतर बारूख फिशहॉफ, पॉल स्लोव्हिक, सारा लिक्टनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी लोकांच्या धारणा प्रश्नावलीद्वारे मोजण्याची पद्धत विकसित केली. स्लोव्हिक यांच्या १९८७ मधील लेखानुसार सामान्य माणसाची जोखमीची धारणा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. धोका किती भयंकर व आवाक्याबाहेरचा वाटतो ही पहिली गोष्ट, आणि तो किती अपरिचित वा अदृश्य आहे ही दुसरी. त्यामुळे तज्ज्ञ मृत्यूंची संख्या मोजत असताना लोक मात्र भीती, अन्याय आणि अविश्वास यांचेही माप घेत असतात.

१९७९ मधील अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुभट्टीचा अपघात, डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटना आणि एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटना यांमुळे हे संशोधन वेगाने वाढले. १९८६ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिख बेक यांनी ‘जोखीम समाज’ ही संकल्पना मांडली. १९८८ मध्ये रॉजर कॅस्परसन व सहकाऱ्यांनी जोखमीच्या सामाजिक विस्तारणाची चौकट मांडली. एखाद्या घटनेची बातमी माध्यमे, संस्था व माणसे यांच्यामार्फत पुढे जाताना तिचे महत्त्व वाढते किंवा घटते आणि त्यातून मूळ हानीपेक्षा वेगळे परिणाम घडतात, असे ही चौकट सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८९ मध्ये काढलेल्या अहवालात जोखीम संज्ञापन ही परस्पर देवाणघेवाणीची प्रक्रिया असल्याचे स्पष्ट केले.

फिशहॉफ यांनी १९९५ मध्ये या विषयाच्या वीस वर्षांच्या वाटचालीचे टप्पे सांगितले. प्रथम तज्ज्ञांना वाटले की आकडे अचूक असले म्हणजे पुरे. मग वाटले की आकडे लोकांना सांगितले म्हणजे पुरे. नंतर ते समजावून सांगण्याची, तुलना करून पटवण्याची आणि सौजन्याने वागण्याची पाळी आली. शेवटी लोकांना निर्णयात भागीदार करून घ्यावे लागते, या निष्कर्षाप्रत हा प्रवास पोचला. आधीचा कोणताही टप्पा यामुळे निरर्थक ठरत नाही. मात्र त्यांपैकी एकच टप्पा गाठून काम भागत नाही.

संस्थांची प्रतिमा व जबाबदारी

संकट संज्ञापनाचा प्रवाह मुख्यतः जनसंपर्काच्या अभ्यासातून निघाला. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणी तरी सायनाइड मिसळल्याने ७ जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सन या उत्पादक कंपनीने देशभरातील बाटल्या परत मागवल्या व लोकांना उघडपणे सावध केले. हा प्रसंग पुढे पाठ्यपुस्तकांतील आदर्श उदाहरण ठरला.

विल्यम बेनॉइट यांनी १९९५ मध्ये प्रतिमासुधारणेचा सिद्धान्त मांडला. आरोप झाल्यावर संस्था नकार देतात, जबाबदारी टाळतात, घटनेचे गांभीर्य कमी दाखवतात, सुधारणा करतात किंवा क्षमा मागतात, असे पाच मार्ग त्यांनी नोंदवले. टिमथी कूम्ब्स यांच्या परिस्थितीसापेक्ष संकट संज्ञापन सिद्धान्ताने याला पुढची जोड दिली. संस्था स्वतः बळी ठरली आहे, अपघात घडला आहे, की टाळता येण्यासारखी चूक झाली आहे, यावर लोक तिला किती जबाबदार धरतात हे ठरते आणि त्यानुसार तिने प्रतिसाद द्यावा, असे हा सिद्धान्त सांगतो. २०१० मध्ये एलिझाबेथ एव्हरी व सहकाऱ्यांनी १९९१ ते २००९ या काळातील जनसंपर्कविषयक संकट संशोधनाचा आढावा घेतला. त्यात या दोन अभ्यासकांचा प्रभाव ठळकपणे दिसून आला. या प्रवाहावर एक आक्षेप कायम घेतला जातो. संस्थेची प्रतिमा कशी वाचेल हा प्रश्न येथे पुढे असतो, माणसे कशी वाचतील हा मागे पडतो.

इशाऱ्यांचा अभ्यास

इशारा ऐकल्यावर माणसे काय करतात, याचा अभ्यास आपत्तीविषयक समाजशास्त्रात झाला. डेनिस मिलेटी व जॉन सोरेन्सन यांनी १९९० मध्ये तोवरच्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. इशारा ऐकताच लोक सैरावैरा पळतात हा समज बहुतांशी चुकीचा असल्याचे त्यातून दिसते. प्रत्यक्षात माणसे आधी खात्री करून घेतात. ती शेजाऱ्याला विचारतात, नातेवाइकांना फोन करतात, दाराबाहेर येऊन पाहतात. या खात्रीत अमूल्य वेळ जातो. म्हणून इशाऱ्यात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात, असे हे संशोधन सुचवते : कोण सांगत आहे, धोका कोणता, कुठे, केव्हा, आणि नेमके काय करायचे. मायकेल लिंडेल व रोनाल्ड पेरी यांनी २०१२ मध्ये सुधारित स्वरूपात मांडलेले संरक्षक कृतिनिर्णयाचे प्रारूपही याच परंपरेतील आहे.

एकात्मिक प्रारूपे व समाजमाध्यमे

२००१ मधील अँथ्रॅक्स प्रकरणानंतर अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने जोखीम आणि संकट या दोन्ही प्रवाहांना जोडणारे प्रशिक्षण तयार केले. बार्बरा रेनॉल्ड्स व मॅथ्यू सीगर यांनी २००५ मध्ये त्याला सैद्धान्तिक रूप दिले. संकटाची पूर्वतयारी, आरंभ, निर्वाह, निवारण व मूल्यमापन असे टप्पे त्यात आहेत. प्रत्येक टप्प्यावर वेगळे बोलावे लागते. आरंभीच्या तासांत माहिती अपुरी असते. अशा वेळी जे ठाऊक आहे, जे ठाऊक नाही आणि ते शोधण्यासाठी काय चालू आहे, या तिन्ही गोष्टी सांगाव्यात, असे हे प्रारूप शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ मध्ये साथीच्या काळातील संज्ञापनाविषयी व २०१७ मध्ये आरोग्य आणीबाणीतील जोखीम संज्ञापनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर इशारा देणारा व घेणारा हा भेद पुसट झाला. ल्यूसिंडा ऑस्टिन, यान जिन व ब्रुक ल्यू यांचे समाजमाध्यमाधारित संकट संज्ञापनाचे प्रारूप या बदलाचा विचार करते. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने खऱ्या-खोट्या माहितीच्या लोंढ्यासाठी ‘इन्फोडेमिक’ हा शब्द वापरात आणला. तेव्हापासून अफवा, खोटी माहिती आणि शासनावरील विश्वास हे संशोधनाचे प्रमुख विषय झाले आहेत.

संशोधनाचे आरेखन

एखाद्या विषयात कोणी, केव्हा, कुठे व कशावर लिहिले याचे संख्यात्मक चित्र काढण्याच्या पद्धतीला ग्रंथमिती किंवा विज्ञानमिती म्हणतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये ग्रंथालयीन व्यवहाराच्या मापनासाठी अशाच स्वरूपाची कल्पना मांडली होती. युजीन गारफील्ड यांची विज्ञान उद्धरण सूची १९६४ मध्ये सुरू झाली आणि या पद्धतीला भक्कम आधार मिळाला.

आरेखनात सामान्यतः पुढील मार्ग अवलंबतात. वर्षागणिक प्रसिद्ध झालेल्या लेखांची मोजणी करून वाढीचा वेग काढतात. दोन ग्रंथांचा उल्लेख किती लेखांत एकत्र येतो हे पाहून विषयाचा वैचारिक पाया ओळखतात. या सहउद्धरणाच्या पद्धतीचा पाया हेन्री स्मॉल यांनी १९७३ मध्ये घातला. लेखांतील संज्ञा एकमेकींसोबत किती वेळा येतात यावरून उपविषयांचे पुंजके काढतात. ‘व्हीओएसव्ह्यूअर’ व ‘साइटस्पेस’ ही संगणकप्रणाली या पुंजक्यांचे नकाशे तयार करते.

गूरलांट, ली व रेनियर्स यांनी २०२० मध्ये जोखीम संज्ञापनाच्या संशोधनाचे असे आरेखन प्रसिद्ध केले. या विषयातील लेखन घातांकी वेगाने वाढत आहे, त्याची मुळे मानसशास्त्र व सामाजिक शास्त्रांत आहेत आणि त्याच्या शाखा प्रामुख्याने वैद्यक व पर्यावरणविज्ञानात पसरल्या आहेत, असे त्यात आढळले. बहुसंख्य लेखन पाश्चात्त्य देशांतून येते, हाही त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होता.

या नकाशांच्या मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. वेब ऑफ सायन्स व स्कोपस या सूचींत इंग्रजी नियतकालिकांचा भरणा मोठा आहे. मराठीत प्रसिद्ध झालेला चौकशी अहवाल, जिल्हा प्रशासनाचा आपत्ती आराखडा, वृत्तपत्रातील लेखमाला किंवा ग्रामसभेचा ठराव या नकाशात उमटत नाही. नकाशावर जागा कोरी दिसली, तरी तेथे अनुभव नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही.

विदर्भातील प्रसंग

पुलगाव दारूगोळा भांडार

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात पुलगाव व त्याला लागून असलेले नाचणगाव ही गावे आहेत. पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडार देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक मानले जाते. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ३१ मे रोजी, तेथे आग लागून प्रचंड स्फोट झाले. त्यात २ अधिकाऱ्यांसह १९ जणांचा मृत्यू झाला. मृतांत आग विझवण्यासाठी धावलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांचा व संरक्षण सुरक्षा दलाच्या जवानांचा मोठा भरणा होता. परिसरातील गावांतून लोकांना रात्रीच सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी याच परिसरात सोनेगाव (आबाजी) जवळ निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन ६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कंत्राटी मजूर होते.

जोखीम संज्ञापनाच्या दृष्टीने असे भांडार हा कठीण प्रसंग आहे. धोका भयंकर असला तरी क्वचित घडणारा आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्याने तो सवयीचाही झालेला असतो. शिवाय भांडारातून गावाला रोजगार मिळतो. त्यातच साठा किती, कोणता व कुठे याविषयी लष्करी गुप्तता आवश्यक असते. तथापि शेजारच्या गावकऱ्याला जी माहिती हवी असते, ती या गुप्ततेच्या कक्षेत येत नाही. भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय, कोणत्या रस्त्याने निघायचे, कुठे जमायचे, म्हाताऱ्यांना व गुराढोरांना कोण नेणार, आणि शेतात पडलेली अनोळखी वस्तू दिसल्यास कोणाला कळवायचे, एवढेच त्याला ठाऊक असावे लागते. साठ्याची माहिती आणि बचावाची माहिती वेगळ्या करता येतात, आणि दुसरी आधीच दिलेली असावी लागते. स्फोटांच्या आवाजात ती प्रथमच देऊ जाणे निरुपयोगी ठरते.

फवारणीतील विषबाधा

२०१७ च्या पावसाळ्यात वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल रंग अत्यंत तीव्र विष, पिवळा तीव्र विष, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विष दर्शवतो. सोबत सूचनापत्रकही असते. मात्र पत्रकातील अक्षरे बारीक व भाषा तांत्रिक असते. अनेकदा द्रावण शेतमालक तयार करतो आणि फवारणी मजूर करतो, त्यामुळे मजुराच्या हाती डबा येतच नाही. शिवाय हिरवा रंग शेतकऱ्याला निर्धोकपणाचा वाटतो, वास्तविक तोही विषच दर्शवतो. कायद्याने इशारा छापला म्हणजे तो पोचला असे होत नाही, हे या प्रसंगातून दिसते.

पूर, वीज व उष्णता

धरणातून पाणी सोडताना ‘इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ अशी सूचना वृत्तपत्रांत व समाजमाध्यमांवर येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ लिटर पाणी. अभियंत्याला हा आकडा पुरेसा असतो. पण वर्धा नदीच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्याला पाणी कोणत्या ओढ्यापर्यंत चढेल आणि कोणता पूल किती वाजता बंद होईल, हे त्यावरून कळत नाही.

याउलट कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, तर सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. हे आकडे तेथील सामान्य माणसाला तोंडपाठ असतात आणि कितव्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरते हेही त्याला ठाऊक असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मात्र पाणी जुन्या अनुभवापलीकडे गेले. मागचा पूर जिथपर्यंत आला होता तिथपर्यंतच हाही येईल, हा अंदाज अनेक कुटुंबांना महागात पडला. परिचित माप उपयोगी असते, पण ते माप ओलांडले जाऊ शकते हेही सांगावे लागते.

पेरणीच्या दिवसांत शेतात काम करणाऱ्यांना विजेचा मोठा धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन जवळपास वीज पडण्याची शक्यता कळवते. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा शेतात जाळे पोचत नाही, त्याला हा इशारा मिळत नाही. उन्हाळ्यासाठी नागपूर महानगरपालिकेने २०१६ पासून उष्णता कृती आराखडा हाती घेतला. भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा चार रंगांत इशारे देतो. हे रंग किती सावध राहावे ते सांगतात. दुपारी काम बंद ठेवावे की नाही, हा मजुराचा प्रश्न मात्र मजुरीशी जोडलेला असतो आणि केवळ माहितीने तो सुटत नाही.

अफवा व समाजमाध्यमे

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्यात त्याच काळात १०० मिलिमीटरचीही नोंद झाली नाही. शहराच्या एका भागाला दुसऱ्या भागाची स्थिती कळत नव्हती. दोनच दिवसांनी पाण्याचा लोंढा येत असल्याच्या अफवेने झोपडपट्टीत चेंगराचेंगरी होऊन अनेकांचा जीव गेला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांची जमावाने हत्या केली. त्या काळात व्हॉट्सॲपवरून मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे खोटे संदेश फिरत होते. याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. अधिकृत माहितीची पोकळी अफवा भरून काढते, हे निरीक्षण या दोन्ही घटनांना लागू पडते.

कायदा व यंत्रणा

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयातीविषयीचे नियम करण्यात आले. मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या उद्योगाने आसपासच्या लोकांना धोक्याचे स्वरूप व खबरदारीचे उपाय कळवावेत, अशी तरतूद त्यांत आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पूर्वसूचनेची यंत्रणा उभारणे व लोकांना योग्य माहिती देणे हे प्राधिकरणाचे काम आहे. घबराट पसरवणारा खोटा इशारा देणाऱ्यास या अधिनियमात एक वर्षापर्यंत कारावासाची अथवा दंडाची शिक्षा सांगितली आहे. २०२३ मध्ये देशभर भ्रमणध्वनींवर एकाच वेळी इशारा पोचवणाऱ्या प्रणालीच्या चाचण्या घेण्यात आल्या.

संशोधनातील उणिवा

या विषयाच्या आढाव्यांतून व वरील प्रसंगांतून काही उणिवा पुढे येतात. पहिली उणीव भाषेची आहे. मराठीच्या वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आदी बोलींत आणि गोंडी, कोलामी, कोरकू यांसारख्या भाषांत इशारा कसा समजतो, याचा अभ्यास अत्यल्प आहे. दुसरी उणीव अशी की संशोधन मोठ्या व गाजलेल्या संकटांभोवती एकवटते. वीज, सर्पदंश, फवारणी यांसारखी एकेकट्या माणसाचा बळी घेणारी नित्याची जोखीम त्यात मागे पडते. तिसरी उणीव दिशेची आहे. इशारा वरून खाली कसा गेला हे तपासले जाते, पण गावाने आधीच केलेली तक्रार किंवा दिलेली सूचना वर का पोचली नाही, याचा शोध क्वचितच घेतला जातो.

चौथी उणीव काळाची आहे. बहुतेक अभ्यास संकटानंतर काही आठवड्यांत होतात. दहा-वीस वर्षांनी त्या गावाला काय आठवते, नव्या पिढीला काय सांगितले गेले आणि सराव चालू राहिला की नाही, हे पाहणारे संशोधन कमी आहे. या दृष्टीने शाळा हे महत्त्वाचे ठिकाण ठरते. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील पुराच्या खुणा, वीज पडलेली ठिकाणे, बाहेर पडण्याचे रस्ते आणि वृद्धांच्या आठवणी यांची नोंद केल्यास तो त्या गावाच्या जोखमीचा पहिला नकाशा होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय सूचींत त्याची नोंद होणार नाही. मात्र पुढच्या संकटाच्या वेळी गावाला उपयोगी पडणारी माहिती त्यात असेल.